चार एमबीपीएसची लाइन आणि तीस केबीचा टोरेंट: नागपुरातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात नंदनवन भागातलं एक घर. पुढच्या खोलीत संगणकाचा छोटा क्लास चालतो, मागे कुटुंब राहतं. ओळख कळू नये म्हणून नावं आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. क्लास चालवणाऱ्यांना इथे नुसतं 'सर' म्हटलं आहे.

इंटरनेट टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून येणारं, डीएसएल. प्लॅन ४ एमबीपीएसचा. मोडेमच्या स्टेटस पानावर लाइनचा वेग डाउनलोडला ४०९६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) आणि अपलोडला ५१२ केबीपीएस दिसत होता. हा दुसरा आकडा घरात कुणी कधी पाहिलाच नव्हता, आणि सगळं प्रकरण त्याच्यावरच फिरतं.

जूनची बॅच सुरू होण्याआधी आठ जुन्या संगणकांवर उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालायची होती. तिची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची एकसंध फाइल, सुमारे ६ जीबीची. ब्राउझरमधून उतरवताना दोनदा मध्येच लाइट गेली आणि डाउनलोड पहिल्यापासून सुरू करावं लागलं. म्हणून सर टोरेंटकडे वळले, म्हणजे एका सर्व्हरऐवजी ती फाइल असलेल्या अनेकांच्या संगणकांवरून ती उतरवायच्या पद्धतीकडे. तो निर्णय बरोबरच होता. टोरेंटमध्ये फाइलचे तुकडे असतात, प्रत्येक तुकडा तपासून मगच ठेवला जातो, त्यामुळे लाइट गेली तरी उतरलेले तुकडे वाया जात नाहीत. उबुंटूची अधिकृत साइट स्वतःच टोरेंट फाइल देते. सोबत मोकळ्या परवान्याचा धड्यांच्या व्हिडिओंचा २.२ जीबीचा एक संचही हवा होता. त्याला जेमतेम २ सीड (पूर्ण फाइल असलेले, नुसतं देणारे) आणि ९-१० पीअर (अर्धवट फाइल असलेले, देणारे-घेणारे) होते.

अडचण

टोरेंट लावल्यावर पहिली दोन मिनिटं वेग ३०० केबीपर्यंत चढायचा, मग घसरून २५ ते ३० केबी प्रतिसेकंदावर बसायचा. त्या हिशेबाने ६ जीबीला ५५ तास.

इथे एक गैरसमज आधी काढायला हवा. ४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट. टोरेंटचा प्रोग्राम दाखवतो ते किलोबाइट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून लाइनच्या ४०९६ किलोबिटला ८ ने भागलं की ५१२ केबी होतात. त्यातून डीएसएलच्या ५३ बाइटच्या सेलचं (डेटा भरायच्या ठरावीक आकाराच्या डब्यांचं) आणि निरनिराळ्या हेडरचं (डेटासोबत जाणाऱ्या पत्त्यासारख्या माहितीचं) ओझं वजा केलं की हातात ४३५ ते ४४० उरतात. म्हणजे ४ एमबी प्रतिसेकंद मिळावेत ही अपेक्षाच चुकीची होती. पण ४३५ च्या जागी ३० हेही तितकंच चूक.

त्याहून मोठा त्रास घरच्यांना. टोरेंट सुरू असताना बाकी कुणाचं काहीच उघडत नव्हतं. बारावीतली मुलगी दर संध्याकाळी तेच म्हणायची, "बाबा, तुमचं डाउनलोड बंद करा ना, माझं लेक्चर अटकून राहिलं." तिच्या या तक्रारीत निदानाचं अर्धं उत्तर होतं. डाउनलोड ३० केबीचं असेल, तर लाइनचा ९० टक्क्यांहून जास्त भाग रिकामा आहे. मग लेक्चर का अडकावं? हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला असता तर पुढचे दहा दिवस वाचले असते.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय कंपनीकडे तक्रारीचा. लाइनमन आला, त्याच्या फोनवर स्पीड टेस्ट घेतली. ३.५ एमबीपीएस आले. "लाइन तर बरोबर येऊन राहिली, भाऊ," म्हणून तो गेला. तो खोटं बोलत नव्हता. टेस्ट घेताना टोरेंट बंद होता.

दुसरा, मोठा प्लॅन घेण्याचा. ८ एमबीपीएसचा प्लॅन उपलब्ध होता आणि सर पैसे भरायच्या बेतात होते. हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णयबिंदू. प्लॅनची पूर्ण माहिती मागवल्यावर कळलं की डाउनलोड दुप्पट होणार, अपलोड मात्र ५१२ केबीपीएसच राहणार. अडथळा अपलोडमध्ये असेल तर दर महिन्याला जास्त पैसे मोजून तोच अडथळा मिळाला असता. म्हणून हा निर्णय तपासणी होईपर्यंत थांबवला.

तिसरा पर्याय एका माजी विद्यार्थ्याने आधीच अमलात आणला होता: टोरेंट 'फास्ट' करायच्या सेटिंग. एकूण कनेक्शन २०००, अपलोडचे स्लॉट (एका वेळी किती जणांना द्यायचं) ५०, अपलोडला मर्यादा नाही, यूटीपी (टोरेंटची डेटा नेण्याची सौम्य पद्धत) बंद आणि फक्त टीसीपी (इंटरनेटवर डेटा नेण्याची नेहमीची पद्धत). यातली प्रत्येक सेटिंग वेगवान फायबरवर खपून गेली असती. या लाइनवर प्रत्येकीने नुकसान केलं.

चौथा, अपलोड जवळजवळ बंद करण्याचा, १ केबीवर बांधण्याचा. याबद्दल पुढे येईलच.

महिन्याची डेटामर्यादा संपून वेग कमी झाला असेल, अशीही शंका होती. कंपनीच्या खात्यात १०० जीबीपैकी ६१ जीबी वापर दिसला आणि ती शंका तिथेच मिटली.

तपासणी

सरांचा लॅपटॉप मोडेमला केबलने जोडला, वायफाय बंद केलं, घरातले सगळे फोन बाजूला ठेवले. अपलोडची टेस्ट तीनदा घेतली आणि सगळ्यात कमी आकडा धरला: ०.४३ एमबीपीएस, म्हणजे ५४ केबी प्रतिसेकंद.

मग एका खिडकीत सतत पिंग लावून ठेवलं, म्हणजे बाहेर छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिलो. टोरेंट बंद असताना उत्तर ३० मिलिसेकंदांत येत होतं. टोरेंट सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात आकडा ४००, ९०० करत १८०० पर्यंत गेला आणि तिथेच राहिला. अपलोडचा आकडा त्या वेळी ५० च्या वर होता.

या १८०० मिलिसेकंदांचा अर्थ असा. संगणक मोडेमला डेटा देतो सेकंदाला कितीतरी मेगाबाइटच्या वेगाने, आणि मोडेम तो तारेवर पाठवतो ५४ केबीने. उरलेलं मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचतं. बफरमध्ये १०० केबी साचले की ते बाहेर पडायला जवळपास दोन सेकंद लागतात. नंतर आलेलं डेटाचं प्रत्येक पाकीट या रांगेच्या शेवटी उभं राहतं. मुलीच्या लेक्चरचा आवाज, पान उघडायची मागणी, सगळंच.

डाउनलोडही याच रांगेत अडकतं, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. टीसीपीमध्ये डेटा मिळाला की त्याची पोच द्यावी लागते, साधारण दर दोन पाकिटांमागे एक. पोच वेळेत पोहोचली नाही तर पाठवणारा हात आखडता घेतो. शिवाय टोरेंटमध्ये प्रत्येक तुकडा १६ केबीच्या ठोकळ्यांनी मागवावा लागतो, आणि त्या मागण्याही अपलोडच्याच रांगेतून जातात. पोच दोन सेकंद उशिरा, मागणी दोन सेकंद उशिरा. समोरच्याकडे फाइल असते, त्याची लाइनही चांगली असते, पण आपला निरोपच त्याच्यापर्यंत जात नाही.

पोचेला अशी किती जागा लागणार, असं वाटेल. या लाइनवर बरीच लागते. ३९० केबी प्रतिसेकंदाचं डाउनलोड म्हणजे सेकंदाला सुमारे २७० पाकिटं, म्हणजे सुमारे १३५ पोचा. पोच स्वतः ४० बाइटची, पण डीएसएलच्या सेलमध्ये भरताना दोन सेल लागतात, १०६ बाइट. गुणाकार केला की १४ केबी प्रतिसेकंद. तारेची कच्ची अपलोड क्षमता ६४ केबी. म्हणजे नुसतं डाउनलोड पूर्ण वेगाने चालवायचं तरी अपलोडचा पाचवा हिस्सा राखून ठेवावा लागतो.

मोडेमच्या पानावर आणखी तीन गोष्टी सापडल्या.

जोडलेल्या यंत्रांच्या यादीत थोरल्या मुलाचा लॅपटॉप होता. त्यावरही टोरेंटचा प्रोग्राम मागे चालू होता आणि महिन्याभरापूर्वी उतरवलेल्या फाइली वाटत बसला होता. खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नाही. तो खाली कोपऱ्यातल्या चिन्हात जिवंत राहतो. अपलोडची निम्मी क्षमता तिथे जात होती.

बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता १०० ने सुरू होत होता आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला होता. ही पत्त्यांची पट्टी कंपनीच्या आतल्या सामायिक नॅटसाठी राखलेली आहे. म्हणजे अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे. अशा घरात बाहेरून कुणी आपणहून जोडू शकत नाही. आपण बाहेर जोडू शकतो. मोडेममध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांसाठीचं दार, उघडून उपयोग शून्य, कारण दार कंपनीकडे बंद आहे. सरांनी पोर्ट फॉरवर्डिंगवर दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, त्या याचमुळे वाया गेल्या.

तिसरी गोष्ट खास आपल्या उन्हाळ्याची. लाइन रोज दुपारी सहा-सात वेळा तुटत होती. अटेन्युएशन (तारेत सिग्नल किती क्षीण होतो ते) ४१ डीबी, म्हणजे एक्स्चेंजपासून तारेने अंदाजे ३ किलोमीटर. या अंतरावर ४ एमबीपीएस आरामात चालायला हवं. पण सकाळी ९ डीबी असणारं नॉइज मार्जिन (लाइन टिकायला लागतो त्याहून सिग्नल किती जास्त आहे ते) कूलर सुरू झाला की ५ वर यायचं. टेलिफोनची तार खिडकीतून कूलरच्या वीजतारेसोबत एकाच पट्टीत आत आणली होती, शेजारी मोटर आणि पाण्याचा पंप. वर मोडेम टिनाच्या छताखालच्या फळीवर. घरगुती मोडेम बहुधा ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, आणि बाहेर ४५ अंश असताना त्या फळीवर हात ठेववत नव्हता.

काय केलं

क्रम मुद्दाम ठरवला: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दहा मिनिटं पिंग आणि डाउनलोडची नोंद. सगळं एकदम बदललं असतं तर कशाने फरक पडला ते कळलंच नसतं.

मुलाच्या लॅपटॉपवरचा टोरेंट आधी पूर्ण बंद केला. पिंग १८०० वरून १५०० वर आला. एवढाच. बफर भरायला एक संगणकही पुरतो.

मग अपलोडला मर्यादा घालून चढत्या-उतरत्या आकड्यांवर उबुंटूची फाइल चालवली. ५० केबीवर पिंग ६०० च्या आसपास, डाउनलोड २४०. ४५ वर पिंग १८०, डाउनलोड ३३०. ४० वर पिंग ७०, डाउनलोड ३८५. ३५ वर पिंग ४५, डाउनलोड तेच ३८५. ४५ आणि ४० च्या मधला हा उंबरठा योगायोगाचा नाही. ४५ केबी डेटा तारेवर ओझ्यासकट साधारण ५२-५३ केबी होतो. त्यात पोचेचे १४ मिळवले की ६४ ची हद्द ओलांडते. ४० केबीचे होतात ४७. १४ मिळवून ६१. तेवढं बसतं.

हा हिशेब बसायचा तर टोरेंट प्रोग्राममधली एक खूण तपासावी लागते: वेगाची मर्यादा प्रोटोकॉलच्या ओझ्यालाही लावायची की नुसत्या डेटाला. इथे ती नुसत्या डेटाला होती, म्हणून पोचेची जागा वेगळी राखली.

चौथा पर्याय, अपलोड १ केबीवर बांधण्याचा, इथे तपासून पाहिला. उबुंटूवर डाउनलोड ३९० आलं. सर म्हणाले, मग हेच ठेवू. पण व्हिडिओसंचावर तीच सेटिंग लावली तर वेग १५ ते २० केबीवर आला, आणि अपलोड ४० केल्यावर ६० ते ७० झाला. फरकाचं कारण टोरेंटच्या देवाणघेवाणीत आहे. ज्यांच्याकडे फाइल अपुरी आहे असे पीअर, त्यांना सर्वांत जास्त देणाऱ्या मोजक्या पीअरनाच परत देतात. ही निवड मूळ पद्धतीत दर १० सेकंदांनी नव्याने होते, आणि दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्याला नशीब आजमावायची संधी मिळते. उबुंटूला शेकडो सीड असतात. त्यांना आपल्याकडून काही नको असतं, म्हणून तिथे हात आखडूनही निभावतं. २ सीडच्या फाइलवर तुम्ही दिलं नाही तर तुम्हाला कुणी विचारत नाही. आणि सगळ्यांनीच १ केबी ठेवला तर अशा फाइली मरतात.

त्याच कारणाने स्लॉट ५० वरून ४ वर आणले. ४० केबी पन्नास जणांत वाटले तर प्रत्येकाला एक केबीही पोहोचत नाही आणि कुणाच्याच यादीत आपण वर येत नाही. चौघांना दहा-दहा दिले तर दखल घेतली जाते. मंद लाइनवर ही सेटिंग लोक सर्रास उलटी करतात.

एकूण कनेक्शन २००० वरून १२० वर, एका फाइलला ४०. या मोडेममध्ये मेमरी कमी. नॅटची यादी (कोणतं कनेक्शन घरातल्या कोणत्या यंत्राचं याची नोंद) भरली की नवी पानं उघडत नाहीत, आणि माणूस समजतो नेट बंद पडलं. यूटीपी पुन्हा सुरू केलं. ते रांग वाढतेय हे ओळखून स्वतः मागे सरतं. त्याच्या मानकात जादा विलंबाची कमाल मर्यादा १०० मिलिसेकंद धरली आहे. एका वेळी एकच फाइल चालू ठेवली.

शेवटी वेळापत्रक: रात्री १२ ते सकाळी ६ अपलोड ४० केबी, दिवसा २० केबी आणि डाउनलोडला १५० केबीची मर्यादा, लेक्चरसाठी जागा राहावी म्हणून.

तारांचं काम स्वस्तात झालं. टेलिफोनची तार कूलरच्या बाजूने काढून दुसऱ्या भिंतीने आणली, जुना स्प्लिटर (फोनचा आवाज आणि इंटरनेट वेगळं करणारा) बदलला, मोडेम खाली क्लासच्या खोलीत आणला आणि सीताबर्डीवरून १५ मीटर लॅन केबल आणून सरांचा लॅपटॉप कायमचा तारेवर घेतला.

सार्वजनिक आयपीसाठी कंपनी दरमहा जादा शुल्क मागत होती. ते घेतलं नाही. उबुंटूसारख्या फाइलला आपण बाहेर जोडलेली कनेक्शनं पुरतात. कमी सीडच्या फाइली रोज उतरवायच्या असत्या तर निर्णय वेगळा झाला असता.

परिणाम

उबुंटूची फाइल रात्री साडेबाराला लावली आणि पाचच्या थोडं आधी पूर्ण झाली. ५५ तासांच्या जागी साडेचार. व्हिडिओसंचाला दोन रात्री लागल्या. एका रात्री त्याचा वेग २० वर घसरला होता. दोनपैकी एक सीड नाहीसा झाला होता आणि त्यावर या बाजूने काहीच उपाय नव्हता. दुपारचं लाइन तुटणं पुढच्या आठवड्यात एकदाच झालं. ८ एमबीपीएसचा प्लॅन घेतला नाही.

एकदा उतरलेली आयएसओ पेनड्राइव्हने आठही संगणकांवर गेली. नंतर सरांनी दोन्ही फाइली रात्रीपुरत्या वाटायला ठेवल्या. ४० केबीने ६ जीबी परत द्यायला ४२ तास लागतात, म्हणजे सहा तासांच्या सात रात्री. मंद लाइनवालाही घेतलं तेवढं परत देऊ शकतो.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातच पिंगने व्हायला हवी होती. टोरेंट बंद असताना एक मिनिट, सुरू असताना एक मिनिट. आकडा ३० वरून १८०० वर जातो हे लाइनमनला तिथेच दाखवलं असतं तर वाद झालाच नसता. आयपी पत्ताही पोर्टच्या खटपटीआधी पाहायचा होता.

प्रोग्राममधली मर्यादा ही अर्धवट सोय आहे. ती टोरेंटला आवरते, घरातल्या इतर यंत्रांना नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोकळ्या परवान्याची प्रणाली) चालणारा राउटर मोडेमच्या पुढे लावून त्यात एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) सुरू केलं, वेग प्रत्यक्ष मापाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधला आणि डीएसएलच्या सेलचं ओझं धरायला सांगितलं, तर रांग राउटरमध्येच आटोक्यात राहते आणि प्रत्येक यंत्राला न्याय्य वाटा मिळतो. हा पर्याय सुचवला होता, पण बॅच तोंडावर असल्याने मागे पडला. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) तपासायचंही राहून गेलं. कंपनी ते देत असेल तर सामायिक नॅटचा अडसर पैसे न मोजता टळू शकतो. मात्र मोडेमच्या फायरवॉलमध्ये तेवढा एक पोर्ट उघडावा लागतो.

राउटर पुढे ढकलल्याची किंमत जुलैत कळली. टोरेंट बंद, तरी लेक्चर पुन्हा अडकायला लागलं, रोज संध्याकाळी सातच्या सुमारास. या वेळी मुलीनेच पिंग लावून पाहिला: १६०० मिलिसेकंद. मग मोडेमच्या यादीतली यंत्रं एकेक करून बंद केली. आजोबांचा फोन वायफायवरून काढल्याबरोबर आकडा ३० वर आला. फिरून आले की त्यांच्या फोनमधले दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढत होते. बॅकअप फोन रात्री चार्जिंगला असेल तेव्हाच व्हावा अशी सेटिंग केली, आणि राउटरची खरेदी दिवाळीआधी करायचं ठरलं.